नियत आणि संकल्प

योगवर्गात डोळे मिटून ‘संकल्प करा’ असे सांगितले, की काही मुस्लिम बांधव बिचकतात. शब्द परका वाटतो. पण नमाजला उभे राहताना आपण नियत करतोच. नियतची जागा जिभेवर नव्हे, दिलात असते. ‘सहीह बुखारी’ची पहिलीच हदीस नियतबद्दल आहे.

इतिहासात हा परकेपणा इतका नव्हता. ११व्या शतकात अल्-बिरूनीने पतंजलीचा योग अरबीत नेला. काळ महमूद गझनवीच्या स्वाऱ्यांचा. पण तलवारीची नियत वेगळी, लेखणीची वेगळी. १६५६च्या सुमारास दारा शुकोहने ‘योगवासिष्ठा’चे फारसी भाषांतर करवून घेतले. आणि आपल्या श्रीगोंद्याचे सूफी संत शेख महंमद यांनी तर मराठीतच ‘योगसंग्राम’ लिहिला. त्यातला संग्राम स्वतःच्या विकारांशी आहे. सूफी यालाच नफ्सशी जिहाद म्हणतात.

नियत आणि संकल्प एकच नव्हेत. नियत अल्लाहसाठी असते. योगनिद्रेतला संकल्प हा स्वतःला दिलेला शब्द. तरी प्रश्न दोन्हींचा सारखाच: हे तू कशासाठी करतोस? योगाला नावे ठेवणाऱ्याने आणि योग लादणाऱ्यानेही तो आधी स्वतःला विचारावा.