अडखळत्या खेळाची बखर

दिवाळीची सुटी लागली, की आमच्याकडे गावातली पालकमंडळी फराळाचे बोलावणे घेऊन येतात. हा रिवाज जुनाच. अलीकडे मात्र बोलावण्याच्या मागोमाग एक गाऱ्हाणेही येऊ लागले आहे. "सर, पोरानं कॉम्प्युटरमध्ये नवा गेम टाकलाय, पण ते अडकत अडकत चालतंय. दुकानदार म्हणतो, नवं कार्ड घ्या." कार्ड म्हणजे चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड. बऱ्यापैकी कार्डाला पंचवीस-तीस हजार रुपये पडतात. आणि आमच्या बीड जिल्ह्यात ज्या घरातली माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, त्या घरात हा आकडा उचलीतला मोठा घास होय.

मुलांनी खेळ खेळावा की न खेळावा, हा वाद मी येथे काढीत नाही. मास्तर असल्यामुळे माझे मत वाचकांना ठाऊकच असणार! पण मी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारा माणूस. कोणतेही गाऱ्हाणे कानांवर आले, की त्याचे मूळ कोठे आहे हे पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. या गाऱ्हाण्याला चाळीस वर्षांहून अधिक इतिहास आहे आणि तो मोठा गमतीचा आहे.

आय. बी. एम. कंपनीने आपला घरगुती संगणक १९८१ च्या ऑगस्टात बाजारात आणला. त्याच्या मेंदूचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तेचाळीस लाख ठोके. त्या काळातील कित्येक खेळ लिहिणाऱ्यांनी काळ मोजला तो या ठोक्यांवरच. पुढे दुप्पट-तिप्पट वेगाची यंत्रे आली, तेव्हा त्यांवर जुने खेळ असे काही सुसाट सुटले, की डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी खेळाडू गारद! म्हणून कारखानदारांनी यंत्राच्या तोंडावर 'टर्बो' नावाचे एक बटण बसविले. नाव वेगाचे, पण खरा उपयोग वेग मुद्दाम उतरविण्याचा. पहिली तक्रार ही अशी, खेळ फार जोरात चालतो म्हणून होती. नवे यंत्र आय. बी. एम.च्या यंत्राबरहुकूम आहे की नाही हे ताडण्यासाठीही त्या वेळचे लोक खेळच लावून पाहत. विमान उडविण्याचा 'फ्लाइट सिम्युलेटर' हा १९८२ चा खेळ त्यावर चालला, की यंत्र अस्सल ठरे.

खेळ अडखळतो म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी आपण अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीकडे वळू. पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. १९८१ च्या त्या यंत्राला रंगीत पडद्याची जोड दिली, तर ३२० आडवे आणि २०० उभे, मिळून ६४,००० ठिपके पडत, आणि रंग एका वेळी चारच. आज साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. शिवाय ही रांगोळी एकदा काढून भागत नाही. चित्र हलते दिसावे म्हणून ती पुसून पुन्हा काढावी लागते, आणि खेळ गुळगुळीत भासायचा तर सेकंदातून साठ वेळा. एका रांगोळीस सेकंदाचा साठावा भाग! एखादी रांगोळी त्या अवधीत पुरी झाली नाही, की आधीचेच चित्र डोळ्यांसमोर रेंगाळते. त्यालाच आपण अडखळणे म्हणतो. सेकंदाला किती रांगोळ्या पडतात, त्या आकड्याला खेळणारी मुले 'एफ. पी. एस.' म्हणतात.

खेळ अडण्याचे दुसरे कारण जागेची टंचाई. 'डॉस'च्या अमलात यंत्रात कितीही स्मरण असले, तरी साध्या कार्यक्रमाला पहिल्या ६४० किलोबाइटांतच संसार थाटावा लागे. माउस, सीडी, कॅशे यांचे छोटे कार्यक्रम यंत्र सुरू होतानाच आत शिरत आणि एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या उतारूंप्रमाणे बसून राहत. खेळ दारात आला, की आत जागा नाही! मग 'कॉन्फिग' आणि 'ऑटोएक्झेक' या दोन फायली उघडून कुणाचा रुमाल उचलायचा, कुणाला मागच्या बाकावर ढकलायचे, हे ओळीओळीने ठरवावे लागे. काही खेळाडू एकेका खेळासाठी वेगळी फ्लॉपी बाळगीत. ती घालून यंत्र सुरू केले, की नेमके तेवढेच उतारू आत येत.

आवाजाची गोष्ट तर आणखी वेगळी. सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली 'साउंड ब्लास्टर' कार्ड काढले. त्याचे घर २२०, हाक मारण्याची तार ५ किंवा ७, आणि सामान वाहण्याची वाट १, हे आकडे खेळाला सांगावे लागत. सातवी तार बहुधा प्रिंटरच्या नावे असे. दोघांनी एकच तार धरली, की भांडण जुंपे आणि खेळ मुका होई किंवा जागीच गोठे. त्या पिढीच्या मुलांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असत.

आमच्या जिल्ह्यात हे वारे उशिरा पोहोचले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एम. एस.-सी. आय. टी. हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला, सरकारी नोकरांनाही तो करावा लागला, आणि तालुक्याच्या गावांतून संगणकाचे वर्ग निघाले. माझाही पहिला माउस तेथलाच. तास संपला, की मुले हळूच 'डेव्ह' नाहीतर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावीत. जॉर्डन मेकनर यांचा हा 'प्रिन्स' १९८९ चा, म्हणजे आमच्याकडे आला तोवर तो बारा वर्षांचा घोडा झाला होता. पण म्हणूनच की काय, कोणत्याही यंत्रावर बिनतक्रार पळे. अडत असे तो वीज गेल्यावर. भारनियमनाची ती वर्षे. परळीचे औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात १९७१ पासून वीज निर्माण करीत होते, आणि आम्ही मात्र अंधारात राजपुत्राचे शेवटचे दार कधी उघडते याची वाट पाहत बसलेलो!

आता या बखरीतील मुख्य प्रकरण. १९९३ च्या डिसेंबरात इड सॉफ्टवेअर या अमेरिकन मंडळींनी 'डूम' प्रसिद्ध केला. तो काळाच्या मानाने फारच भारी खेळ. दुबळ्या यंत्रावर तो कसा चालावा? कर्त्यांनी त्याची सोय खेळातच ठेवली होती. एक कळ दाबली, की चित्राची चौकट आक्रसत जाई आणि भोवती नुसती किनार उरे. एफ-५ ही कळ दाबली, की ठिपके आडवे दुप्पट रुंद होत. चित्र ओबडधोबड दिसे, पण पळे. हे पाहून मला पुरंदरचा तह आठवतो. १६६५ साली महाराजांनी मिर्झाराजांना तेवीस किल्ले दिले आणि बारा राखले. काय द्यायचे आणि काय राखायचे, यातच सगळे राजकारण. खेळाचे 'सेटिंग' नावाचे जे पान असते, ते असेच तहाचे कलमवार पान आहे. कर्त्याचे स्वप्न एका बाजूला, घरातले यंत्र दुसऱ्या बाजूला.

यांपैकी कोणते किल्ले सोडावेत, हे जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. पहिल्याने सावल्या उतरवाव्यात. त्या फार खातात आणि उणी झालेली सावली धावपळीत कुणाच्या ध्यानातही येत नाही. मग पाण्यातली प्रतिबिंबे, धुके, दूरवरची गर्दी. प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे 'रे ट्रेसिंग' हे तर दुबळ्या यंत्राने पहिल्या दिवशीच सोडून द्यावे. भिंती-कपड्यांचा पोत मात्र शक्यतो राखावा. कार्डाच्या स्वतःच्या स्मरणात तो मावत असेल, तर त्याचा वेगावर फारसा भार पडत नाही. मावला नाही, तर मात्र तोच एकटा सगळा खेळ बुडवितो. तरीही भागले नाही, तर रांगोळीचेच ठिपके कमी करावेत. १२८० गुणिले ७२० केले, की ठिपके निम्म्याहून खाली येतात. २०१८ पासून तर थोडे ठिपके काढून उरलेले यंत्राने अदमासाने भरण्याची विद्याही आली आहे. आमच्या आया-बहिणी हे काम डोळ्यांच्या अदमासाने पूर्वीपासून करीत आल्या, एवढेच!

तथापि प्रत्येक वेळी दोष घरच्या यंत्राचाच असतो असे नाही. १९९४ च्या नाताळात डिस्नेच्या 'लायन किंग'वरचा मुलांचा खेळ अमेरिकेत घराघरांत भेट म्हणून गेला. सणाच्या सकाळी पोरांनी तो उघडला, आणि एका लोकप्रिय बनावटीच्या कोऱ्या संगणकांवर तो चालेचना; त्या यंत्राच्या चित्रचालकाशी खेळाचे जुळतच नव्हते. रडणारी मुले आणि चिडलेले बाप! पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 'डायरेक्ट-एक्स' काढले, म्हणजे खेळाने दरेक कार्डाशी वेगळी भाषा बोलण्याऐवजी मधल्या एका दुभाष्याशी बोलावे. 'साउंड ब्लास्टर'च्या तारा आणि आकडे तेव्हापासून हळूहळू विस्मृतीत गेले.

नंतरची हकीकत धावती सांगतो. १९९६ साली थ्रीडीएफएक्सचे 'व्हूडू' कार्ड आले आणि चित्र काढण्याचे काम मुख्य मेंदूकडून निघू लागले. ती कंपनी पुढे बुडाली आणि तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. २००७ साली जर्मनीच्या क्रायटेकने 'क्रायसिस' काढला, तो इतका जड, की "यावर क्रायसिस चालेल का?" ही जगभर थट्टेची म्हण होऊन बसली. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या 'सायबरपंक २०७७'ची दशा अशी झाली, की सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढून घेतला. परत मांडला तो पुढल्या जूनमध्ये. २०२३ च्या मार्चमध्ये संगणकावर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस'ने चांगल्या चांगल्या यंत्रांना घाम फोडला, आणि कर्त्यांना दुरुस्तीमागून दुरुस्ती पाठवावी लागली. अशा वेळी नवे कार्ड घेणाऱ्याने काय मिळविले? महिना-दोन महिने थांबणाऱ्याला ती दुरुस्ती फुकट मिळाली.

त्या खेळाबरोबर एक शब्द पुष्कळांच्या कानांवर आला, 'शेडर'. प्रत्येक कार्डाच्या जातीप्रमाणे चित्राच्या कृती नव्याने दळून घ्याव्या लागतात. हे दळण आधी झाले नाही, तर ऐन लढाईत खेळ थबकतो. पाहुणे पानांवर बसल्यावर चकल्यांची भाजणी दळायला घेण्यातलाच हा प्रकार. म्हणून नवा खेळ प्रथम उघडल्यावर 'शेडर तयार होत आहेत' असे म्हणत दहा-वीस मिनिटे खोळंबला, तर त्याला खोळंबू द्यावे. आमची मुले उतावीळपणाने तेच बंद करतात आणि मग दिवसभर यंत्राला नावे ठेवतात.

खेळ करणे किती अवघड, हे आता आपल्या पुण्यातल्या माणसांनाही ठाऊक झाले आहे. ज्या 'प्रिन्स'वर आमची पिढी भुलली, त्याच्या 'सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या अवताराचा नवा साज चढविण्याचे काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या शाखांकडे आले. २०२० साली त्याची झलक दाखविली, तेव्हा चित्रे जुनाट दिसतात म्हणून जगभरातून टीका झाली, आणि २०२२ साली ते काम कॅनडातल्या मॉन्ट्रिअलकडे गेले. त्याच २०२० साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या लहानशा मंडळीने 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा खेळ पुरा करून दाखविला. १७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी हाय खाल्ली नाही. कथेचे प्रसंग त्यांनी छायाबाहुल्यांच्या रूपाने मांडले आहेत. ते पाहताना मला मोठे समाधान वाटले.

आता आमच्या जिल्ह्याचे म्हणून जे दुखणे, ते सांगतो. कोणत्याही पुस्तकात हे ठळक अक्षरांत नसते. पण यंत्र तापले, की ते आपला जीव वाचविण्यासाठी स्वतःच वेग उतरविते. बीडचा उन्हाळा, पत्र्याचे छप्पर, पंख्यात साचलेली काळ्या मातीची धूळ आणि खाली मऊ गोधडी! गोधडीने लॅपटॉपचे श्वास घेण्याचे भोकच बुजते. त्यात चार्जर काढलेला असला, की बॅटरी राखण्यासाठी वेग आणखी कमी. आणि ज्या लॅपटॉपात दोन चित्रयंत्रे असतात, एक साधे आणि एक जोरकस, तेथे पुष्कळदा खेळ बिचारा साध्यावरच चालत असतो आणि जोरकस यंत्र आत झोपा काढीत असते. पैसा खर्च न होता निघणारी ही दुखणी.

गेल्या वर्षी आमच्या नववीतल्या एका मुलाचे असेच झाले. आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरी आजी. मावशीने कुणाकडून तरी जुना लॅपटॉप मिळवून दिला होता. अभ्यास त्यावरच आणि खेळही त्यावरच. खेळ अडखळू लागला, तेव्हा दुकानदाराने त्यालाही नवे कार्ड सुचविले. त्या लॅपटॉपात कार्ड बसविण्याची जागाच नाही, एवढी गोष्ट सांगायची राहून गेली असावी. आजी पुढल्या हंगामाच्या उचलीतून पैसे धरायला निघाली होती. मी त्याला एवढेच सांगितले, की एका वेळी एकच गोष्ट बदल आणि आकडा लिहून ठेव. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

आठ दिवसांनी त्याने वही आणून दाखविली. गणिताच्या वहीची मागली पाने. सावल्या बंद, ३१. ठिपके कमी, ३८. गोधडी काढून खाली पाट, ४१. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ होती: सगळे तेच, दुपारी २९, पहाटे ४१. पत्र्याखालच्या दुपारचा हा हिशेब त्याने एकट्याने काढला होता. मी वहीवर सही केली, तारीख घातली, आणि आजीला निरोप पाठविला, की पैसे धरू नका.