भाष्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक जवळ आली की पुण्या-मुंबईतल्या घरांतून न्यू जर्सीतल्या मुला-नातवंडांशी होणाऱ्या बोलण्यात पेनसिल्व्हेनिया, मिशिगन ही नावं येऊ लागतात. त्याच सुमारास जाणत्या मंडळींची एक तक्रारही कानावर पडते. ज्यांनी कधी वार्तांकन केलं नाही, ज्यांना कुठल्या संपादकाला उत्तर द्यावं लागत नाही, अशा हौशी लोकांनी निवडणुकीवर भाष्य करायला सुरुवात केली आणि चर्चेचा दर्जा घसरला, असं हे मत. ते आता इतकं रुळलं आहे की त्याला पुरावा मागायचंही कोणाला सुचत नाही. मला ते मान्य नाही.

या पूर्वपक्षात तथ्य नाही असं मात्र नव्हे. २०१६ च्या निवडणुकीत वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झा रेस्टॉरंटबद्दल अफवा उठली, की तिथल्या तळघरात मुलं डांबून ठेवली आहेत. ती पसरवण्यात हौशी मंडळीच पुढे होती. डिसेंबरात एक माणूस बंदूक घेऊन तिथे शिरला आणि त्याने गोळ्या झाडल्या. कोणी जखमी झालं नाही, हे नशीब. त्या इमारतीला तळघरच नव्हतं. हा प्रकार भयंकर होता, आणि हौशी भाष्यकारांची बाजू घेणाऱ्याने तो नजरेआड करता कामा नये.

पण यावरून सिद्ध काय होतं? पुराव्याशिवाय केलेलं विधान घातक असतं, एवढंच. ते करणाऱ्याला पगार मिळतो की नाही, याचा इथे संबंध येत नाही.

८ सप्टेंबर २००४ रोजी सीबीएस या वृत्तवाहिनीने जॉर्ज बुश यांच्या तरुणपणच्या लष्करी सेवेविषयी काही कागदपत्रं दाखवली. त्यांवर १९७२-७३ च्या तारखा होत्या. निवेदक होते डॅन रादर, अमेरिकी पत्रकारितेतलं मोठं नाव. कार्यक्रम संपून काही तास उलटतात न उलटतात तोच टोपणनावाने लिहिणाऱ्या अटलांटातल्या एका वकिलाने अक्षरांकडे बोट दाखवलं. त्या काळच्या साध्या टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळे. इथे अक्षरागणिक रुंदी बदलत होती. पुढे दुसऱ्या एकाने तोच मजकूर संगणकावर नेहमीच्या टंकात उतरवला आणि मूळ कागदाशी ताडून पाहिला. ओळी जुळल्या. हा प्रयोग कोणालाही घरी करून पाहता येत होता. कागद अस्सल असल्याची खात्री देता येत नाही, अशी कबुली वाहिनीने २० सप्टेंबरला दिली. संपादक, निर्माते, तज्ज्ञ असा सगळा सरंजाम हाताशी असून ही चूक प्रसारित झाली, आणि ती पकडली बाहेरच्या माणसांनी.

यावर आक्षेप येतो, की तो वकील रिपब्लिकन पक्षाचा होता. होताच. पण अक्षराची रुंदी पक्ष पाहून बदलत नाही. शिवाय पक्षपाती माणूस स्वतःच्या पक्षाला अडचणीचं लिहीतच नाही, असंही नाही. एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बराक ओबामांसाठी निधी गोळा करण्याचा कार्यक्रम होता. पत्रकारांना प्रवेश नव्हता. मेहिल फाउलर ही साठी ओलांडलेली हौशी वार्ताहर आत गेली ती ओबामांची देणगीदार म्हणून. रोजगार गेलेल्या छोट्या गावांतले लोक कडवट होतात आणि बंदुकीला, धर्माला चिकटून राहतात, अशा अर्थाचं ओबामा तिथे बोलले. फाउलर यांनी ते ध्वनिमुद्रित केलं आणि काही दिवसांनी छापलं. ज्या उमेदवाराला पैसे दिले, त्याचीच मोठी पंचाईत त्यांनी केली. पक्षपात उघड असला की वाचक तो वजा करून वाचू शकतो. दडवलेला पक्षपात त्याला तसा वजा करता येत नाही.

व्यावसायिकांची अडचण वेगळी आहे. १९७२ च्या प्रचारावरचं टिमथी क्राउझ यांचं 'द बॉइज ऑन द बस' हे पुस्तक मुळातून वाचावं. सगळे वार्ताहर एकाच बसमध्ये, एकाच हॉटेलात. वादचर्चा संपली की बातमीची सुरुवात काय करायची, हे वृत्तसंस्थेच्या वार्ताहराला विचारणारे. ही माणसं अप्रामाणिक नव्हती. कळपापासून वेगळं लिहिलं तर कार्यालयातून जाब विचारला जाईल, ही भीती त्यांना होती. हौशी माणसाला ती नसते. बेसबॉलच्या आकडेवारीवर पोट भरणाऱ्या नेट सिल्व्हर यांनी २००८ मध्ये टोपणनावाने लिहिताना मतचाचण्या बाजूला ठेवल्या आणि आधी मतदान झालेल्या भागांच्या लोकसंख्येवरून पुढच्या प्रायमरींचा हिशेब मांडला. नॉर्थ कॅरोलायना ओबामा मोठ्या फरकाने जिंकतील आणि इंडियाना थोडक्यात हरतील, असा त्यांचा अंदाज होता. झालंही तसंच. त्याहून मोलाचं हे, की आपला हिशेब त्यांनी वाचकांपुढे उघडा ठेवला होता.

तज्ज्ञांच्या भाकितांचं मोजमाप फिलिप टेटलॉक यांनी २००५ च्या ग्रंथात मांडलं आहे. २८४ तज्ज्ञांची भाकितं त्यांनी वर्षानुवर्षं तपासली. ज्यांना प्रसारमाध्यमांत अधिक मागणी, त्यांची भाकितं इतरांपेक्षा कच्ची निघाली. ठाम बोलणारा माणूस वाहिनीला हवा असतो, आणि ठामपणा व अचूकपणा यांचं फारसं जमत नाही, हे त्याचं कारण.

आपल्या परंपरेलाही हे नवं नाही. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये आलेली शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी सरकारी नोकरीत होते. पत्रकारिता हा त्यांचा व्यवसाय नव्हता. त्यांनी लिहिलं नसतं, तर मराठी समाजचिंतनाची सुरुवातच वेगळी झाली असती.

म्हणून मराठी संपादकांना माझी विनंती आहे. पुढच्या अमेरिकी निवडणुकीवर फ्रीमाँटहून किंवा साताऱ्याहून एखाद्या वाचकाचं टिपण आलं, तर त्याचं पद विचारू नका, पुरावा विचारा. आणि स्टुडिओत बसणाऱ्या तज्ज्ञांच्या नावाखाली त्यांची मागच्या निवडणुकीतली भाकितंही छापा.