इंग्लंडमध्ये भाड्याने घर घेताना : हे माहीत असू द्या

१९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेलेल्या बाबासाहेबांना पारशी नाव लावून पारशांच्या सरायीत राहावे लागले. जात कळताच तिथूनही बाहेर पडावे लागले. पुढे १९२१-२२ मध्ये लंडनला शिकताना ते १०, किंग हेन्रीज रोड येथे राहिले. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले.

आज कळंब-कर्जतचे बौद्ध विद्यार्थीही राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकतात. इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

• सुरुवातीला विद्यापीठाचे वसतिगृह घ्यावे. घर न पाहता पैसे पाठवू नयेत.

• घरमालक पासपोर्ट, व्हिसा तपासतो. तो कायद्याचा भाग आहे.

• २०१९ च्या कायद्यानुसार घर राखून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याचे भाडे घेता येते. वार्षिक भाडे ५० हजार पौंडांहून कमी असल्यास अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच.

• अनामत ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा व्हावी लागते. घरमालक त्याच घरात राहत असल्यास हा नियम लागू होत नाही.

• २०१० च्या समता कायद्यात 'जात' स्वतंत्रपणे नमूद नाही. मात्र जात 'वांशिक उगमा'त येऊ शकते, असे २०१४ मध्ये तिथल्या रोजगार अपील न्यायाधिकरणाने म्हटले. आपल्याच देशबांधवाने आडनाव विचारून घर नाकारले, तर संदेश जपून ठेवा आणि 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस'कडे मोफत सल्ला घ्या.

नाव लपवून घर मिळवण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. जय भीम!