कठीणपणाची जागा

जून 2019 मध्ये दहावीचा निकाल लागला आणि राज्यभर एकच प्रश्न विचारला गेला: मुलांना झाले तरी काय? 2018 साली 89.41 टक्के असलेला निकाल एका वर्षात 77.10 टक्क्यांवर घसरला होता. पुढच्याच वर्षी तो 95.30 टक्क्यांवर गेला. तीन वर्षांत मुलांची बुद्धी किंवा शिक्षकांची तळमळ एवढी खालीवर होत नसते. बदलली होती ती परीक्षा. 2018-19 या शैक्षणिक वर्षात भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेतले गेले, त्याच वर्षी दहावीची पुस्तके नवी होती आणि भाषांच्या प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली होती. निकाल पडताच अकरावीच्या प्रवेशात अन्य मंडळांची मुले पुढे जातील या भीतीने गदारोळ झाला आणि अंतर्गत गुण परत आले. 2020 साली तर भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नाही, त्याचे गुण सरासरीने दिले गेले. घसरणीतला नेमका किती वाटा कोणत्या बदलाचा, हे वेगळे काढता येत नाही, कारण सगळे बदल एकदम झाले. या साऱ्या वादात परीक्षा किती अवघड असावी, हाच प्रश्न चर्चेत राहिला. मुंबईच्या उपनगरांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा दिसतो. अवघडपणा शिकण्याच्या वाटेवर नेमका कुठे ठेवला आहे आणि त्याच्याशी झुंजून झाल्यावर मुलाच्या हाती काय परत येते, यावर त्याचे बरेवाईट ठरते.

या प्रश्नाचा गंभीर अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचा पत्ता आज मानखुर्दचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्याच्या आरंभीच्या काळात भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यासारख्या ग्रामीण भागातल्या आणि मुंबई महापालिकेच्या शाळांमधून काम करत होते. महापालिकेच्या शाळेतली मुले विज्ञानात मागे का पडतात, याचे तयार उत्तर तेव्हाही होते: विषय त्यांना झेपत नाही. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी हे उत्तर तपासून पाहिले. पाठ्यपुस्तकातली भाषा सोपी केली, विज्ञान मात्र तेवढेच ठेवले. लांबलचक संस्कृतप्रचुर वाक्ये मोडली, घरात न बोलले जाणारे शब्द बदलले. मुलांची कामगिरी सुधारली. 1981 च्या आसपास त्यांनी हा भाषेच्या अडसराचा मुद्दा मांडला. त्याचे महत्त्व मला आजच्या कोणत्याही निकालाच्या आकड्याहून मोठे वाटते. त्या मुलांना जे अवघड जात होते, त्याचा बराचसा भाग विज्ञानाचा नव्हताच. तरल पदार्थाच्या दाबाचा प्रश्न सुटला नाही असे परीक्षकाला दिसत होते; प्रत्यक्षात मूल प्रश्नापर्यंत पोचलेच नव्हते.

याच विचारातून केंद्राने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक धाडस केले. महापालिकेच्या शाळांतली, मुख्यतः अनुसूचित जातींतली काही मुले निवडून शालान्त परीक्षेपर्यंत त्यांना सोबत केली. या मुलांना सोपा अभ्यास देऊन पुढे ढकलले नाही. प्रयोग, प्रश्न, चर्चा, चुकांवर परत बोलणे, असे अवघड काम दिले आणि ते करताना शेजारी माणूस बसवला. शालान्त परीक्षेतली त्यांची कामगिरी लक्षणीय सुधारली. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांच्या लेखनात या कामाची नोंद आहे. अवघड काम गरीब मुलाला नाउमेद करते, ही समजूत इथे टिकली नाही. त्या कामावर अवाजवी भाषेचे ओझे नव्हते आणि अडल्यावर विचारायला कुणीतरी होते.

आता दुसरी परंपरा पाहू. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने 1981 पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. पार्ले, मुलुंड, बोरिवलीच्या मराठी मध्यमवर्गीय घरांत आजही या परीक्षेला मान आहे. तिची रचना विचारपूर्वक केलेली आहे: आधी लेखी, त्यातून थोड्या मुलांची प्रयोग परीक्षा, मग कृतिप्रकल्प आणि मुलाखत. शेवटच्या टप्प्यांत मुलाने स्वतः परिसरातली एखादी अडचण शोधून तिच्यावर काही महिने काम करायचे असते. हा अवघडपणाचा उत्तम प्रकार आहे, कारण त्यात चुकायला आणि चूक दुरुस्त करायला वेळ आहे. पण तिथवर पोचायचे ते पर्यायी उत्तरांच्या लेखी पेपरच्या दारातून, आणि उपनगरांतले शिकवणी वर्ग त्या दाराभोवती वाढले. प्रयोगाच्या टप्प्यावर जे शिकता आले असते, ते शिकण्याआधीच बहुतेक मुली-मुलगे बाहेर पडतात. निवडीसाठी हे आवश्यक असेल. शिकण्याच्या दृष्टीने स्पर्धेचा सर्वांत मोलाचा भाग सर्वांत कमी मुलांच्या वाट्याला येतो.

पवईत 1958 मध्ये उभ्या राहिलेल्या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेची कहाणी याहून बोलकी आहे. अनेक वर्षे तिथे मुलाला पायऱ्यापायऱ्यांनी उत्तर लिहावे लागे आणि अर्ध्यावर अडकलेल्या विचारालाही गुण मिळत. 2000 साली चाळणी परीक्षा आली, 2006 पासून सगळी परीक्षा वस्तुनिष्ठ झाली, 2013 मध्ये मेन आणि ॲडव्हान्स्ड असे दोन भाग झाले. उमेदवारांची संख्या प्रचंड वाढल्यावर हाताने उत्तरपत्रिका तपासणे कठीण होते, हे मान्य करायला हवे. पेपर अवघडच राहिला, पण अवघडपणाची जात बदलली. पूर्वी अर्धवट सुटलेल्या गणिताचीही किंमत होती. आता ते रिकाम्या उत्तराइतकेच. साहजिकच तयारीही बदलली. अंधेरी-घाटकोपरच्या वर्गांतून वेळ कसा वाचवायचा, कोणता प्रश्न सोडायचा, याचे शिक्षण मिळू लागले. परीक्षा मुलांना जशी चाळते, तसे शिकवण्यालाही वळण लावते.

यावर रास्त आक्षेप असा की कठीण परीक्षा नसेल तर गुणवत्ता कळणार कशी? 2021 मध्ये परीक्षेविना लागलेला दहावीचा 99.95 टक्के निकाल कुणाच्याही ज्ञानाबद्दल काही सांगत नाही, हे खरे. पण उलट टोकही तितकेच मुके असते. 1996 ची आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड मुंबईत झाली. 75 देशांतून आलेल्या 424 निवडक मुलांपुढे ठेवलेला पाचवा प्रश्न अवघ्या सहा जणांना पूर्ण सोडवता आला. त्या सहा जणांबद्दल त्या प्रश्नाने बरेच काही सांगितले, उरलेल्या चारशेहून अधिक मुलांमधला फरक त्याने फारसा दाखवला नाही. ऑलिंपियाडला ते परवडते, कारण तिचे काम शिखरावरची मुले ओळखणे हेच आहे. दहावीच्या परीक्षेचे काम लाखो मुलांपैकी प्रत्येकाला काय येते ते सांगणे आहे. त्यासाठी तिच्यात सोपे, मध्यम आणि अवघड सगळेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: धाकाशिवाय मुले अभ्यास करत नाहीत. यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात काम सोपे असताना विजेचा झटका जितका तीव्र तितके शिकणे जलद झाले. काम अवघड होताच मध्यम झटक्यालाच उंदीर लवकर शिकले, तीव्र झटक्याने शिकणे मंदावले. उंदरांवरून मुलांबद्दल घाईने निष्कर्ष काढू नयेत, पण धाक आणि अवघड काम यांची बेरीज सरळ नसते एवढे त्यातून नक्की कळते. चाचणीचा उपयोगही नाकारता येत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवले की पाच मिनिटांनी विचारले तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे असतात. आठवड्याने विचारले तर आठवून लिहिण्याची चाचणी दिलेले पुढे जातात. तेव्हा चाचण्या घ्याव्यात, वारंवार घ्याव्यात. पण एका दिवसात आयुष्याचा निकाल लावणाऱ्या पेपरला या पुराव्याचा आधार देता येत नाही. बोर्डाच्या परीक्षेत मुलाला आपली चूक कुठे झाली हे सहसा कळतही नाही; कळतो फक्त आकडा.

म्हणून मला आज सर्वांत महत्त्वाची वाटते ती पाचवी आणि आठवीची परीक्षा. शिक्षण हक्क कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने मुलांना या इयत्तांत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये तसा नियम केला. त्याच कायद्यात एक तरतूद आहे: नापास मुलाला जादा शिकवणी द्यायची आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती नापास करण्याच्या मुभेची. मानखुर्द-गोवंडीच्या महापालिका शाळांसाठी खरा प्रश्न त्या दोन महिन्यांचा आहे. ते बहुतांशी मे महिन्याच्या सुट्टीत येतात, जेव्हा शाळा बंद असतात आणि अनेक कुटुंबे गावी गेलेली असतात. त्या काळात कोण शिकवणार, त्याचे मानधन कुठून येणार, मुलाची उत्तरपत्रिका त्याच्यासमोर ठेवून त्याची चूक त्याच्याशी बोलून दाखवली जाणार की पुन्हा तोच पेपर हाती देऊन गुण मोजले जाणार, हे नियमासोबतच ठरवून अंदाजपत्रकात मांडायला हवे.