नाव, परवलीचा शब्द आणि साचा

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या इमारतीची वीज तासभर गेली. ती परत आली तेव्हा काही घरांत इंटरनेट चालू होते, काही घरांत बंद. मजल्यांचा, वायरींचा कशाचाच मेळ लागेना. जिन्याखालच्या पेटीला बॅटरी होती, त्यामुळे तिथेही दोष नव्हता. शेवटी आमच्या भागात इंटरनेट पुरवणाऱ्या गृहस्थांनीच उलगडा केला. ज्या घरांत इन्व्हर्टर होता, तिथे जोडणी तुटलीच नव्हती. बाकीच्यांची तुटली आणि वीज आल्यावर नव्याने जुळली. नेमकी त्याच दुपारी त्यांनी आपल्या राउटरवरची एक ओळ बदलली होती.

त्यांच्या कार्यालयात मी ती ओळ पाहिली. ग्राहक चारशेच्या आसपास. पण प्रत्येकाच्या नावापुढे तीनच गोष्टी : नाव, परवलीचा शब्द आणि एका प्रोफाइलचे नाव. बाकी सारे त्या प्रोफाइलमध्ये. ग्राहकाला कोणत्या गटातला पत्ता द्यायचा, वेग किती ठेवायचा, एकाच नावाने दोन ठिकाणांहून जोडणी चालू द्यायची का, हे सगळे तिथे एकदाच लिहिलेले. अशी प्रोफाइल अवघी पाच. त्यांतल्या एकात गृहस्थांनी पत्त्यांचा नवा गट घातला. पण त्या गटाला बाहेर जाऊ देणारा नियम लिहायचे विसरले. प्रोफाइल वाचले जाते ते जोडणी होताना. म्हणून इन्व्हर्टरवाले जुन्या पत्त्यावर सुखरूप राहिले आणि बाकीच्यांना पत्ता मिळाला, पण रस्ता मिळाला नाही.

एका ओळीवर इतकी घरे टांगण्याची ही रीत कोणी आणि का पाडली, हा प्रश्न मनातून जाईना. मी अभियंता नाही. पण इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ या क्रमांकित दस्तऐवजांतून प्रसिद्ध होतात आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. माझ्यासारख्या, विद्यापीठाबाहेर राहून शोध घेणाऱ्याला ही मोठीच सोय. मी ते वाचत मागे मागे गेलो.

माग अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पोचला. तिथल्या विद्यापीठांना जोडणारी ‘मेरिट’ ही संस्था टेलिफोनवरून येणाऱ्या ग्राहकांची सेवा चालवत असे. गावोगावी मोडेमची यंत्रे. प्रत्येक यंत्रावर ग्राहकांची यादी वेगळी ठेवायची, तर एक परवलीचा शब्द बदलायलाही सगळीकडे हात फिरवावा लागणार. ओळख पटवण्याचे काम एका जागी आणणारी व्यवस्था मेरिटला हवी होती. १९९१ मध्ये तिने पुरवठादारांकडे विचारणा केली. कॅलिफोर्नियातल्या लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस या कंपनीने तिला प्रतिसाद दिला आणि त्यातून ‘रेडियस’ ही पद्धत घडली. जानेवारी १९९७ मध्ये ती आरएफसी २०५८ म्हणून प्रसिद्ध झाली. जून २००० चा आरएफसी २८६५ हा तिचा आजही पायाभूत मानला जाणारा मसुदा. यंत्राने ग्राहकाचे नाव मध्यवर्ती सर्व्हरला कळवायचे. सर्व्हरने होकार द्यायचा आणि सोबत अटी सांगायच्या.

या दस्तऐवजातले एक छोटे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याचे नाव ‘फिल्टर-आयडी’. सर्व्हर ग्राहकावरची बंधने तपशिलात पाठवत नाही, नियमांच्या यादीचे फक्त नाव पाठवतो. यादी त्या त्या यंत्रावर, त्या यंत्राच्या भाषेत तयार असते. त्यामुळे वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांवर एकच नाव चालते. आमच्या गृहस्थांच्या पडद्यावरचा तिसरा रकाना याच विचाराचा. माणूस एकीकडे, अटी दुसरीकडे, आणि दोघांना जोडणारे एक नाव.

पुढे टेलिफोनच्या तारेवरूनच अखंड चालणारे इंटरनेट आले. तेव्हा नंबर फिरवण्याची गरज संपली. पण कंपन्यांची हिशेबाची सारी व्यवस्था नाव, परवलीचा शब्द आणि जोडणीचा कालावधी यांवर उभी होती. ती मोडण्यापेक्षा टेलिफोनच्या काळातली ‘पीपीपी’ ही पद्धत इथरनेटच्या तारेवर चढवण्यात आली. फेब्रुवारी १९९९ चा आरएफसी २५१६, म्हणजेच ‘पीपीपीओई’. तिचे वेष्टन आठ बाइटांचे. म्हणून १५०० बाइटांच्या पाकिटात १४९२ च उरतात आणि हा आकडा आजही असंख्य प्रोफाइलमध्ये लिहिलेला असतो. सिस्कोच्या राउटरवर सामाईक साच्याला ‘व्हर्च्युअल टेम्प्लेट’ म्हणतात. ग्राहक आला की त्या साच्याची एक प्रत त्याच्यासाठी निघते. लॅटव्हियातल्या रिगा शहरात १९९६ मध्ये निघालेल्या मायक्रोटिक कंपनीच्या स्वस्त राउटरांवर त्यालाच सरळ ‘प्रोफाइल’ म्हणतात. आपल्याकडच्या अनेक छोट्या पुरवठादारांची भिस्त याच राउटरांवर आहे.

ग्राहकांचे वर्ग पाडणे मात्र आपल्याकडे पहिल्या दिवसापासून होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. विद्यार्थ्यांना स्वस्त ‘शेल’ खाते मिळे. त्यात फक्त अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. चित्रांसह इंटरनेट हवे, तर महागडे टीसीपी-आयपी खाते घ्यायचे. टेलिफोनची तार तीच, मोडेमही तोच. फरक खात्यापुढे लिहिलेल्या प्रकाराचा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ किलोबिट ठरवला, २०१३ मध्ये तो ५१२ झाला आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. दिल्लीत ठरलेला असा आकडा घराघरांत पोचतो तो राउटरवरच्या प्रोफाइलमधल्या एका ओळीच्या रूपाने.

जुलै २००३ च्या आरएफसी ३५७६ ने आणखी एक दार उघडले. जोडणी न तोडता, चालू असतानाच ग्राहकाच्या अटी बदलता येऊ लागल्या. ठरलेला डेटा संपला की वेग एकाएकी मंदावतो, तेव्हा अनेकदा घडते ते हेच. तार शाबूत असते, यंत्र शाबूत असते. आपल्याला एका साच्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलेले असते.

त्या दिवशी निघताना मी माझी ओळ दाखवायला सांगितले. दोन वर्षांपूर्वी मी जास्त वेगाची योजना घेतली होती आणि तेव्हापासून बिल त्याप्रमाणे भरत होतो. पडद्यावर माझ्या नावापुढे जुनेच प्रोफाइल होते. बिलाच्या वहीत बदल झाला, राउटरवर करायचा राहून गेला. गृहस्थ ओशाळले, त्यांनी लगेच नाव बदलले. घरी येऊन मी यंत्र बंद करून चालू केले, तेव्हा कुठे नवा वेग मिळाला.

साच्यांची ही व्यवस्था मला वाईट वाटत नाही. ती नसती तर गल्लीतल्या चारशे घरांना इंटरनेट देणे दोन-तीन माणसांच्या आवाक्यात आले नसते. पण जुनी दप्तरे चाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि त्यांनी एक धडा दिला : रयतेच्या हातातली पावती आणि सरकारी दप्तरातली नोंद यांत अंतर पडले, की नोंदच खरी ठरते. सातबारा निदान मागून पाहता तरी येतो. आपण कोणत्या प्रोफाइलमध्ये आहोत, ते मागून पाहण्याची सवय मात्र आपल्याला अजून लागायची आहे.