बॉबलिंगेन : शेतकऱ्यांच्या बंडापासून मोटारींपर्यंत

भाच्याला जर्मनीत नोकरी लागली त्या दिवशी आमच्या घरी कोणी पेढे मागितले नाहीत. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची मावशी, एवढेच म्हणाली, "अरे बाळा, जगात दुसरा देश नव्हता का?" आमचे वाडवडील अलिबाग-रेवदंड्याकडचे. युरोपातील कत्तलीची झळ आमच्या घराण्याला लागली नाही. परंतु इस्राएलात आल्यावर ज्या शेजाऱ्यांबरोबर आम्ही राहिलो, त्यांच्या हातावर गोंदलेले आकडे आम्ही रोज पाहत होतो. मग मुलगा ज्या गावी चालला ते गाव तरी कसे आहे, हे पाहावे म्हणून मी पुस्तके काढून बसलो.

जर्मनीचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ५७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडे मोठे. उत्तरेला समुद्राकाठचे सपाट मैदान, मध्ये डोंगर व अरण्ये, आणि दक्षिणेला आल्प्स पर्वत. बॉबलिंगेन दक्षिणेकडच्या श्वाबेन प्रांतात, स्टुटगार्टच्या नैर्ऋत्येस सुमारे २० किलोमीटरवर आहे. वस्ती ५० हजारांच्या आसपास, गावात दोन तळी, टेकडीवर चर्च. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे, ही गोष्ट मुंबईत निम्मे आयुष्य काढूनही मला ठाऊक नव्हती.

इथल्या शेतकऱ्यांत बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटण्याची चाल होती. तीन-चार पिढ्यांत शेताचे तुकडे आपल्या कोकणातील खाचरांएवढे होत. तेवढ्यावर पोट भरेना, म्हणून कोणी विणकाम धरले, कोणी घड्याळे व हत्यारे बनवू लागला, आणि पुष्कळांनी देश सोडला. श्वाबी माणसाची काटकसर आणि हातातली कारागिरी या गरिबीतून आली, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. जिना झाडण्याची पाळी बिऱ्हाडागणिक आठवडा-आठवडा लावून देणारे लोक आहेत हे! आमच्या चाळीत ही पद्धत असती तर किती भांडणे वाचली असती, की वाढली असती, देव जाणे.

देश सोडणाऱ्यांतले काही आपल्याच दाराशी आले. बॉबलिंगेन जिल्ह्यातील लिओनबर्ग गावी १८१५ साली जन्मलेला क्रिस्टोफ हॉफमन हा टेंपलर पंथाचा पुढारी. त्याचे लोक १८६८ मध्ये हैफाला उतरले, आणि १८७१ मध्ये त्यांनी याफोजवळ सारोना वसवले. तेल अवीवच्या भर वस्तीत आज लोक हौसेने फिरायला जातात, ती जुनी दगडी घरे या श्वाबी शेतकऱ्यांची. पुढे १९३० नंतर त्यांच्यातील अनेकजण नाझी पक्षात सामील झाले. महायुद्धात इंग्रजांनी त्यांना स्थानबद्ध केले आणि पुष्कळांना ऑस्ट्रेलियाला पाठविले.

बॉबलिंगेनचे नाव जर्मन इतिहासात आहे ते १२ मे १५२५ च्या लढाईमुळे. त्या वर्षी शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या होत्या : वेठबिगारी नको, लाकूडफाटा व मासेमारी मोकळी असावी, धर्मोपदेशक आम्ही निवडू. सरदार गेओर्ग ट्रुखझेस याच्या घोडदळापुढे व तोफांपुढे ते टिकले नाहीत. काही तासांत हजारो मारले गेले. ज्या कोठारात पूर्वी शेतकऱ्यांकडून दशांश धान्य घेऊन भरले जाई, त्याच इमारतीत आज त्या बंडाचे संग्रहालय आहे. हे वाचताना मला खोतांचीच आठवण झाली. १९३३ पासून सहा वर्षे जमीन पडीक ठेवणाऱ्या अलिबागजवळच्या चरी गावाच्या शेतकऱ्यांना हे बारा मुद्दे समजावून सांगावे लागले नसते.

१९२५ मध्ये गावाजवळ विमानतळ झाला व लगेच हान्स क्लेम यांचा हलक्या विमानांचा कारखाना. ७ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री बाँबवर्षाव झाला तेव्हा जुने गाव व टेकडीवरचे चर्च जळाले. परंतु त्याआधीच, १ डिसेंबर १९४१ रोजी, वुर्टेंबर्गमधील सुमारे एक हजार यहुदी स्त्री-पुरुष-मुलांना स्टुटगार्टहून आगगाडीने रीगाला नेण्यात आले होते. त्यांना आधी गोळा केले ते किलेसबर्गच्या उद्यान-प्रदर्शनाच्या आवारात. वाचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याच शहरातील बॉश कंपनीचे प्रमुख हान्स वाल्त्स यांनी यहुद्यांना मदत केली, म्हणून १९६९ साली याद वाशेमने त्यांचा गौरव केला. तेही सांगितले पाहिजे.

युद्धानंतर गाव पुन्हा उभे राहिले ते यंत्रांवर. शेजारच्या झिंडेलफिंगेनला १९१५ पासून डाइमलरचा कारखाना होताच. १९५३ मध्ये आयबीएमची प्रयोगशाळा आली, १९५९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड. याच वर्षांत जर्मनीने इस्राएलला भरपाई दिली. १९५२ च्या जानेवारीत क्नेसेटमध्ये ६१ विरुद्ध ५० मतांनी वाटाघाटींना मान्यता मिळाली; त्याआधी चर्चा चालू असताना बाहेर दगडफेक झाली होती. तीन अब्ज मार्कांतून जहाजे, यंत्रे व आगगाड्या आल्या. त्या घ्याव्यात की नाही, यावर घराघरांत वाद झाले.

भाचा एका रविवारी स्टुटगार्टच्या उत्तर स्थानकाजवळच्या स्मारकावर गेला. २००६ साली उभारलेल्या भिंतीवर नेलेल्यांची नावे लिहिली आहेत. तिथूनच त्याने मावशीला फोन केला. तिने विचारले, "नावे वाचलीस का?" तो म्हणाला, "वाचतो आहे, मावशी. पुष्कळ आहेत." तिने फोन ठेवला नाही.