दगडावरचं नाव



आमच्या गटाची सहल खडकीला निघाली, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न आला, "देवदर्शन सोडून दफनभूमी कसली बघता?" पण आमच्यातल्या एकीच्या आजेसासऱ्यांचे भाऊ पहिल्या महायुद्धात इराककडे गेले, ते परतले नाहीत. ते खडकीत नाहीत हे माहीत होतं. तरी लढाईत गेलेल्यांची आठवण कशी ठेवतात, ते बघायचं होतं. नगरहून एसटीनं पुणं, तिथून खडकी.

आत पाऊल टाकलं आणि बोलणं आपोआप थांबलं. कापलेलं गवत, एका उंचीच्या दगडांच्या ओळी. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण इथे आहेत. साहेब असो की शिपाई, दगड एकाच मापाचा. त्यावर नाव, पलटण, तारीख, बहुतेकांवर वय. काहींवर घरच्यांनी कळवलेली एखादी ओळ. वीस-बावीसची पोरं! इंग्रजी राज्याचा राग आपल्याला आहेच, पण त्या आयांचा काय दोष? बहुतेकींना हा दगड हातानं शिवताही आला नसेल.

मग आपली माणसं कुठे?

आपल्यात दहन, म्हणून कबर नाही. पण नाव तरी? १९१५च्या डिसेंबरात इराकमधल्या कुत गावी पुणे डिव्हिजनला वेढा पडला. त्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीनं हाल झाले आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती आली. त्या मुलखात मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. गोऱ्या शिपायाचंही नाव त्यावर कोरलं. आपल्या साध्या शिपायांचे मात्र पलटणीपुढे नुसते आकडे! एकाच मापाचा दगड देणाऱ्या त्याच कमिशनचं हे काम. २०२१ साली त्यांनी याची माफी मागितली. शंभर वर्षांनी.

पुढच्या युद्धात आपल्याच जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव इटलीत लढले. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर गोळीबारातून, सुरुंगांमधून त्यांनी दोन जखमींना उचलून आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते घरी आले, म्हणून त्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे.

परतल्यावर आमच्या मैत्रिणीनं देव्हाऱ्यामागची काशाची गोल चकती काढली. युद्धात गेलेल्याच्या घरी सरकार अशी चकती पाठवायचं. तिच्या सासूनं ती वर्षानुवर्षं चिंचेनं घासली होती, पण वर काय लिहिलंय ते घरात कुणी वाचलं नव्हतं. नातीनं इंग्रजी अक्षरं लावून वाचली. हुद्दा नाही, नुसतं नाव. ते आम्ही गटाच्या वहीत, तारीख घालून, मराठीत उतरवून घेतलं.